पाच वेळा ‘काहून’

पौषातली संध्याकाळ होती. दर्यापूर-अकोट रस्त्यावरच्या एका जिनाच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. आत जिनांची घरघर चाललेली, दिव्यांभोवती रुईचा भुरका उडत होता. जिनाचे मालक माझे जुने स्नेही. त्यांना सारं गाव ‘मामा’ म्हणतं, म्हणून इथेही मी त्यांना मामाच म्हणतो.

हिशेबाच्या खोलीत टेबलावर एक पाकीट पडलं होतं. त्यातून मामांनी निळ्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा काढला आणि माझ्यापुढे सरकवला. निळ्या रंगात मधोमध नखाएवढी पांढरी रेघ. तो खताच्या गोणीचा धागा होता. शेतातून तो कापसाबरोबर निघाला, पिंजला गेला, कातला गेला, विणलाही गेला आणि तोवर कोणाला दिसला नाही. रंगाच्या हौदात मात्र सारं कापड निळं झालं आणि तो तेवढा पांढरा राहिला. कापसाला चढणारा रंग प्लास्टिकला चढत नाही. दक्षिणेतल्या एका सूतगिरणीनं हा तुकडा पाठवला होता आणि सोबत क्लेमचं पत्र.

समोर मामांची भाची बसली होती. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात ती क्वालिटी विभागात आहे. दोन महिन्यांची बिनपगारी रजा टाकून ती या हंगामात मामांच्या जिनावर आली होती. दोघांचं महिनाभर वाजत होतं. त्या संध्याकाळी ते माझ्यासमोर वाजलं.

मामा : चाळीस वर्षं झाले मले या धंद्यात. मुठीत कापूस दाबला का ओल किती हाये थे सांगतो. दाताखाली सरकी फोडली का वाळला का नाई समजते. अन् हे पोरगी मले म्हनते, मामा, मोजा.

भाची : तुमच्या मुठीवर माझाही भरवसा आहे. सरकारी खरेदीत सीसीआयचा ग्रेडर मीटर लावतो. ओल आठ टक्क्यांपर्यंत असली तर पूर्ण भाव, त्यावर कपात, बाराच्या वर गेली की गाडी परत. तुमची मूठ आणि त्याचं मीटर फार वेगळं बोलत नाहीत, हे मी पाहिलं. पण मूठ एकच आहे, मामा. रात्रपाळीला ती घरी झोपलेली असते. आणि हा क्लेम ओलीचा नाही, धाग्याचा आहे. धागा मुठीला लागत नाही.

मामा : तुह्या चाकणात लोखंड येते एका कारखान्याचं, सर्टिफिकेट घेऊन. माह्या फाटकात शेकडो घरचा कापूस येते. कोनाचा कोरडवाहू, कोनाचा ओलिताचा. कोनाच्या बोंडात अळी, कोनाची पहिली वेचनी, कोनाचं फरदड. खारपानपट्ट्यातला वेगळा, सातपुड्याच्या पायथ्याचा वेगळा. याले तू तुहा तक्ता कसा लावशीन?

भाची : सगळं एकसारखं असतं तर तक्त्याची गरजच नव्हती. माल रोज थोडा बदलतो म्हणून तर तक्ता लागतो. बदल दोन तऱ्हेचे असतात. एक रोजचा, कामाच्या घडणीतच असलेला. दुसरा एकाएकी येणारा, ज्याला काहीतरी ठळक कारण असतं. रोजच्या बदलावर माणसाला रागावून उपयोग नसतो आणि एकाएकी आलेल्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट नावाच्या माणसानं टेलिफोनच्या कारखान्यांसाठी हा भेद एका आलेखात मांडला. मधे एक रेघ, वर आणि खाली मर्यादेच्या दोन. ते साल 1924.

मामा : रागावून उपयोग नाई? मुकादमाले दोन शब्द बोललो नाई तर दुसऱ्या दिवशी जिनात चपला सापडतीन!

भाची हसली आणि उठून आत गेली. परातीत तूर घेऊन आली. आमच्याकडे पांढरी तूरही पिकते आणि लालही. परातीत चार भाग पांढरी आणि एक भाग लाल होती, हातानं नीट कालवलेली. तिनं फिटरला, काटेवाल्याला आणि चहा घेऊन आलेल्या पोराला बोलावलं. डोळे मिटून प्रत्येकानं पन्नास दाणे काढायचे. लाल दाणा म्हणजे खराब माल. फिटरचे लाल तेरा निघाले, काटेवाल्याचे नऊ, पोराचे सात. पोरगं खुशीत आलं. फिटर ओशाळून म्हणाला, ‘मामा, अजून एक डाव देजा.’ दुसऱ्या डावात पोराचे बारा आले आणि फिटरचे आठ.

भाची : आता सांगा, बक्षीस कोणाला आणि बोलणी कोणाला? हा खेळ माझा नाही. डेमिंग नावाचा संख्याशास्त्रज्ञ लाल-पांढऱ्या मण्यांनी हाच खेळ खेळायचा आणि स्वतः मुकादमाचं सोंग घेऊन लोकांना झापायचा. 1950 साली त्यानं जपानच्या कारखानदारांना व्याख्यानं दिली. पुढच्याच वर्षी जपाननं त्याच्या नावानं पारितोषिक सुरू केलं. लाल दाणे परातीतच आहेत, मामा. हात बदलून ते कमी होत नाहीत. परात कोणी भरली, ते विचारायला हवं.

मामा : परात वावरात भरते. म्हून तर म्हनतो, माह्यावर काहून येता? अन् नुसती परात कोन पाह्यते? शेवटी निवडून घ्या. अकोल्याच्या दालमिलवाल्यांनी काय केलं? सॉर्टेक्स मशीन बसवलं. क्यामेरा काळा दाना पाह्यते, हवेचा फटका देते, दाना बाजूले. काम खतम.

भाची : काम तिथं संपत नाही. काळा दाणाही मिलवाल्यानं तुरीच्या भावानंच घेतलेला असतो. तो वाहून आणला, तेल-पाणी लावलं, वाळवला, भरडला आणि मग फेकला. सॉर्टेक्स डाळ चोख करतं, पण डाळीचा उतारा काही वाढवत नाही. शिवाय डाळीचा दाणा निदान सुटा असतो, क्यामेऱ्याला दिसतो. तुमच्या रुईत पांढऱ्यात पांढरा धागा. एक चुंगडं फाटलं की त्याचे किती केस होतील? निवडणं ही शेवटची पायरी झाली. सुधारणा म्हणजे निवडायची पाळीच कमी येणं.

इथं मामांनी अडकित्ता काढला. सुपारी कातरताना ते इतिहासात शिरतात, हे मला माहीत होतं.

मामा : तुमाले वाटते हे आत्ताचं दुखनं हाये. अरे, वऱ्हाड 1853 ले इंग्रजाच्या हाती गेला तो कापसाच्या पायी. अमेरिकेत यादवी झाली, 1861 ते 65. लँकेशायरच्या गिरन्या उपाशी पडल्या. मंग आपला कापूस गोड लागाले लागला. अमरावतीचं नाव लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हून चाले. पन बोंब कोनती? हिंदुस्थानी कापसात माती, सरकी, पानी. म्हून 1863 ले मुंबई सरकारनं कापसातल्या लबाडीचा कायदा केला, इन्स्पेक्टर नेमले. 1870 ले लॉर्ड मेयो सोता खामगावले आला रेल्वे उघडाले. रेल्वे रायली. थो कायदा पुढं गुंडाळला. इन्स्पेक्टर येते, पाह्यते, जाते. घान हाये तशी रायते.

भाची : म्हणजे तुम्ही माझीच बाजू मांडताय!

मामा : नाई. मी म्हनतो, बाहेरून कोनी येऊन शिस्त लावू शकत नाई. इंग्रजाले नाई जमलं. 1972 पासून एकाधिकार खरेदी होती, प्रतवारी होती, ग्रेडर होते. कापूस सुधरला का? आता 2023 ले केंद्रानं गाठीले बीआयएसचा शिक्का सक्तीचा करू म्हनलं, त्याची तारीख पुढं-पुढं जाऊन रायली. आमीच गेलो होतो निवेदन घेऊन. खोटं काहून बोलू? तू बी इन्स्पेक्टरच हायेस, फक्त चाकणची.

हा घाव वर्मी बसला. भाची थोडा वेळ बोलली नाही. मग तिनं कपाटावरचा कॅलेंडरचा कागद उलटा करून त्यावर तीन ओळी लिहिल्या.

भाची : बाहेरची शिस्त टिकत नाही, हे कबूल. म्हणून मी आतल्या गोष्टी सांगते. 1924 साल पुन्हा घ्या. त्या वर्षी शूहार्टनं आलेख काढला, हे एक. त्याच वर्षी मुंबईला माटुंग्यात कापसाची प्रयोगशाळा निघाली. आजची सिरकॉट ती हीच, नागपूरचं जिनिंगचं प्रशिक्षण केंद्र तिचंच. हे दोन. आणि तिसरं, त्याच वर्षी जपानमध्ये साकिची टोयोडानं आपोआप चालणारा माग तयार केला. त्याची खुबी वेगात नव्हती. ताण्याचा एक धागा तुटला की माग आपला आपण थांबे. खराब कापड विणत राहण्यापेक्षा उभं राहिलेलं बरं. त्याचे हक्क 1929 साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं विकत घेतले.

मामा : प्लॅट? ओल्डहॅमचे प्लॅट? त्यायची जिनं माह्या आज्याच्या वक्ती आपल्याकडे येत!

भाची : तेच. कापसाची जिनं करणाऱ्यांनी कापसाच्या मागाचे हक्क घेतले. त्या पैशानं टोयोडांच्या मोटारीच्या संशोधनाला हात दिला, असं तिकडे सांगतात. आम्ही चाकणला ‘टोयोटाची पद्धत’ म्हणून जे शिकतो, त्याचं मूळ तुटलेल्या सुतात आहे. मोटारवाल्यांकडून कापूसवाल्यांनी शिकायचं म्हणजे आपलंच उसनं परत आणायचं.

मामा : शंभर वर्षं झाले म्हंते तू. तीन-तीन गोष्टी एका साली झाल्या. मंग शंभर वर्षांनी हा धागा गाठीत काहून?

मी डायरीत लिहीत होतो तो थांबलो. भाचीनं टाळीच वाजवली.

भाची : मामा, टोयोटाचे ताइची ओनो हेच सांगत. दोष दिसला की ‘का’ विचारायचं, उत्तर आलं की त्या उत्तराला पुन्हा ‘का’, असं पाच वेळा. आपल्याकडे तर ‘काहून’ हा शब्द तयारच आहे. चला, बाहेर जाऊन विचारू.

आम्ही ढिगाकडे गेलो. फेब्रुवारी 2000 मध्ये केंद्रानं कापसाचं तंत्रज्ञान अभियान सुरू केलं, त्यात जिनांच्या आधुनिकीकरणाचा भाग होता. मामांनी तेव्हाच अंगण सिमेंटचं केलं, ढिगावर छप्पर घातलं, डोक्यावरच्या पाट्या जाऊन पट्टे आले. त्याआधी याच अंगणात कुत्री रुईवर झोपत, असं तेच सांगतात. हे सारं स्वच्छ, झाडलेलं होतं. पट्ट्याशी चार बाया बसून येणाऱ्या कापसातून पाला, कवडी, पिसं, गुटख्याच्या पुड्या वेचत होत्या. भाचीनं त्यांच्या डोक्यावरून एक दोरी ताणली होती. दोरी ओढली की पट्टा थांबे आणि लाल दिवा लागे.

मामा : हे तिचं टोयोडाचं सोंग. पह्यल्या दिवशी अर्धी पाळी पट्टा उभाच! विजेचा स्थिर आकार चालूच, प्रेसवाले बसून, फाटकाबाहेर गाड्यावाले शिव्या देऊन रायले. अन् थांबवून का मियालं? धागा एक.

भाची : धागा एक नाही मिळाला, जागा मिळाली. प्रत्येक वेळी दोरी कशाला ओढली, ते बायांनी खुणेनं फळ्यावर टाकलं. पिसाला एक रेघ, केसाला एक, सुतळीला एक, प्लास्टिकला एक. तिसऱ्या दिवशी फळाच बोलायला लागला. प्लास्टिकच्या रेघा दिवसभर सारख्या नव्हत्या. सुट्या कापसाच्या गाड्या रिकाम्या होत तेव्हा विरळ, खेडा खरेदीची चुंगडी फुटत तेव्हा दाट. रोजचा बदल आणि एकाएकीचा बदल म्हणतात तो हा.

फाटकाजवळ एक पिकअप रिकामी होत होती. चुंगडी खताच्याच गोण्यांची, तोंडं सुतळीनं शिवलेली. हमाल एक चुंगडं पाडी, विळ्यानं तोंड सपकन कापी आणि पालथं करी. कंदिलाएवढ्या दिव्याच्या उजेडात मी वाकून पाहिलं. कापलेल्या कडेला पांढऱ्या प्लास्टिकच्या तारा झिपऱ्यांसारख्या लोंबत होत्या. चुंगडं झटकलं की त्यातल्या काही तारा कापसात उतरत, आणि उतरल्या की दिसेनाशा होत.

भाची : गाठीत धागा काहून?

मामा : ढिगातून आला.

भाची : ढिगात काहून?

मामा : चुंगडं कापलं म्हून.

भाची : शिवण उसवायची सोडून कापलं काहून?

मामांनी हमालाकडे पाहिलं. हमाल विळा हातात धरून उभा होता. तोच म्हणाला, ‘उसवत बसलो तर टाइम जाते, मालक. आमाले गाडीमागं पैसे हायेत. रातीच्या चार गाड्या होतीन का दोनच?’

भाची : गाडीमागे पैसे काहून?

मामा गप्प झाले. अडकित्ता हातात होता, सुपारी नव्हती. जिनाच्या आवाजात आम्ही चौघे काही क्षण तसेच उभे राहिलो.

मामा : …मीच ठरवले. लवकर खाली व्हाव्या म्हून.

भाची : चारच झाले, मामा. पाचवं मी विचारत नाही.

खोलीत परत आलो तेव्हा चहा गार झाला होता. मला वाटलं, आता भाची जिंकली. पण मामा काही सहजासहजी हरणाऱ्यातले नाहीत.

मामा : फाटकाच्या आतलं ‘काहून’ माह्यं. कबूल. उद्यापासून हमालाले उसवायचे वरून पैसे. पन तू अर्ध्यातच थांबली. दुसऱ्या वाटेनं चाल. चुंगडं प्लास्टिकचं काहून? त्याच्या घरी खताच्या गोन्या रिकाम्या पडल्या हायेत, फुकट. कापडाची पिशवी इकत घ्या लागते. थो घेत नाई काहून? त्यानं चोख कापूस आनला तरी भाव तोच. आता वेचनाऱ्या बाईचं घे. सीतादही करते थे. पह्यली वेचनी दहीभात ठेवून, पूजा करून घेते. त्या बाईच्या हातून पाल्यासगट कापूस काहून येते?

भाची : तिला मजुरी किलोमागे असते. दव असताना वेचला तर वजन भरतं, पाला राहिला तरी भरतं. ओटी जुन्या लुगड्याची, तिचे रंगीत धागे पडतात. तिलाही आपणच… म्हणजे ज्यानं वजनाचा हिशेब ठरवला त्यानंच तसं शिकवलं.

मामा : आता सहावं इचारतो. मी चोख कापसाले जास्त भाव दिला. गाठ चोख झाली. एकशे सत्तर किलोची चोख गाठ अन् एकशे सत्तर किलोची घानेरडी गाठ. गिरनी दोन्हीले जवळपास एकच भाव देते काहून? क्लेम टाकाले त्यायले येते, बक्षीस द्याले नाई येत. सांग तुह्या पद्धतीत याचं उत्तर.

भाचीनं उत्तर दिलं नाही. निळा तुकडा उचलून ती त्याकडे पाहत राहिली. मग हळू आवाजात बोलली.

भाची : या खोलीत त्याचं उत्तर नाही, मामा. चाकणला आमचा माल घेणाऱ्या कंपनीचे लोक आमच्या मशीनपाशी येऊन उभे राहतात. दोष कुठे घडतो ते त्यांना दिसतं, सुधारायचा खर्च किती तेही दिसतं. मग भावाचं बोलणं निदान सुरू तरी होतं. इथं ज्याचं नुकसान होतं तो हजार-दीड हजार किलोमीटरवर. आधी लँकेशायरला होता, आता दक्षिणेत आहे. ज्याच्या हातून धागा पडतो त्यानं हा निळा तुकडा जन्मात पाहिलेला नाही. मला वाटत होतं, आपल्याकडे शिस्त कमी. इथं महिनाभर राहून वाटतं, अंतर जास्त आहे.

मामा : आता बोलली वऱ्हाडी पोरीसारखी.

भाची : पण अंतर कमी होतंय. अमरावतीजवळ नांदगाव पेठला कापडाचे कारखाने आहेत. पीएम मित्र पार्कचं भूमिपूजनही 20 सप्टेंबर 2024 ला झालं. सूत, कापड, कपडा एका आवारात, आपल्याच जिल्ह्यात, असा बेत आहे. गिरणीवाला एका दुपारी इथं येऊन ढीग पाहू शकेल आणि शेतकरी तिथं जाऊन रंगाचा हौद. ‘कस्तुरी कॉटन भारत’ या योजनेत गाठीवर क्यूआर लागतो, गाठ कोणत्या जिनाची ते पुढच्याला कळतं. चोख गाठीचं नाव झालं तरच चोख गाठीचा भाव मागता येईल. आज तुमची गाठ आणि शेजाऱ्याची गाठ ट्रकमध्ये चढली की दोघी बिननावाच्या.

मामा : नाव झालं का क्लेम बी नावानं येईन.

भाची : येईल. म्हणून आधी फळा हवा, म्हणून दोरी हवी. नाव लावायची हिंमत मोजल्याशिवाय होत नाही.

मामा : अन् भाव देल्याशिवाय मोजनं टिकत नाई. हे माह्यं म्हननं लिहून घ्या, साहेब.

मी लिहून घेतलं. खरं म्हणजे त्या दोघांच्या भांडणात मला जे सांगायचं होतं ते त्यांनीच सांगून टाकलं होतं. गुणवत्तेच्या पद्धती आपल्याकडे बहुधा भिंतीवरच्या तक्त्यांसारख्या येतात. सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाख संधींमागे 3.4 दोष, पाच ‘एस’ म्हणजे आवराआवर, कायझेन म्हणजे रोज थोडी सुधारणा. शब्द पाठ होतात, मजुरांची शिबिरं होतात, फोटो निघतात. भारतात हे ज्ञान आजचंही नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1947-48 च्या सुमारास खुद्द शूहार्टला बोलावून घेतलं होतं. तरी बहुतेक ठिकाणी ‘का’चा प्रवास हमालापाशी, वेचणाऱ्या बाईपाशी, फार तर मुकादमापाशी थांबतो. तो पुढे गेला की मजुरीच्या दराला लागतो, खरेदीच्या भावाला लागतो, म्हणजे मालकाच्या खिशाला लागतो. तिथं पोचेपर्यंत विचारत राहायला पद्धत शिकवते. तिथं पोचल्यावर उत्तर द्यायला मात्र मालकच लागतो. आणि मामांचं सहावं ‘काहून’ सांगतं की मालकाच्याही वर कोणीतरी बसलेला असतो, त्यालाही कोणी विचारलेलं नसतं.

रात्री मी तिथंच मुक्काम केला. पहाटे थंडीत फाटकाशी आलो. तो कालचाच हमाल उकिडवा बसून एका चुंगड्याच्या तोंडाची गाठ सोडवत होता. बोटं गारठलेली, गाठ सुटत नव्हती. सुटली तेव्हा त्यानं सुतळी सरसर ओढून काढली आणि बाजूच्या डब्यात टाकली. डब्यात सुतळीची बरीच वेटोळी जमली होती. विळा भिंतीला टांगलेला होता.

भावाच्या काळ्या फळ्याखाली मामांनी खिळा ठोकून तो निळा तुकडा अडकवला होता. वर खडूनं रोजचा भाव. त्याखाली रात्रीतून आणखी एक ओळ आली होती. ‘कापडी पिशवीतला, निवडलेला कापूस’ आणि पुढे दोन टिंबं. त्यापुढे आकडा नव्हता.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं गाडीवरून उतरून फळा वाचला. निळ्या तुकड्याला बोट लावून पाहिलं, पांढऱ्या रेघेवरून नख फिरवलं. मग खोलीच्या दाराकडे वळून मोठ्यानं विचारलं,

‘मामा, या ओळीपुढं आकडा काहून नाई जी?’